अळीची उपासमार

परभणीच्या काळ्या रानात कपाशी फुलावर आली की एखादे फूल उमलतच नाही. पाकळ्या एकमेकींना चिकटून पीळ पडल्यासारख्या दिसतात. ही डोमकळी. उकलली की आत गुलाबी बोंडअळी सापडते. पाकळ्या तिनेच तोंडातल्या धाग्याने शिवलेल्या असतात. पुढच्या पिढ्या थेट बोंडात शिरतात. शिरल्याचे छिद्र बुजून जाते, बोंड वरून हिरवेगार राहते आणि आत सरकी फस्त होत असते. फवारा तिथवर पोचणार कसा?

गुलाबी बोंडअळीचे दुबळेपण तिच्या खाण्यातच आहे. पांढरी माशी कपाशी, भेंडी, वांगी आणि बांधावरचे तण अशी कुठेही पोट भरते. बोंडअळीचा संसार मात्र जवळजवळ सगळा कपाशीवर. शिवारात काही महिने हिरवे बोंड उरले नाही, तर तिची साखळी तुटते. तिनेही तोड काढली आहे: हंगामाच्या शेवटच्या अळ्या दोन सरक्या चिकटवून केलेल्या जोडसरकीत सुप्तावस्थेत पडून राहतात. त्यामुळे जायकवाडीच्या कालव्यावर किंवा विहिरीच्या पाण्यावर धरलेली फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, बांधावर सरपणासाठी रचलेली वाळकी पऱ्हाटी आणि जिनिंगमधली साठवलेली सरकी या तिन्ही तिच्या धर्मशाळा. सेलू-मानवतच्या बाजारपेठांभोवतीच्या शिवारांनी हे विसरून चालणार नाही.

बोंडअळ्यांना मारणारे जिवाणूचे जनुक घातलेला बीटी कापूस भारतात 2002 साली आला, दोन जनुकांचा 2006 मध्ये. त्या काळात अमेरिकन बोंडअळी आटोक्यात आली, फवारण्या घटल्या. बीटीभोवती बिगरबीटीच्या ओळी लावायच्या, म्हणजे तिथे वाढलेले साधे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतील आणि प्रतिकार पातळ होईल, असे गणित होते. त्यासाठी पिशवीसोबत 120 ग्रॅम वेगळे बियाणेही मिळे. बहुतेकांनी ते पेरले नाही. शेतकऱ्याला सरसकट दोष देणे सोपे, पण पिकाचा एक भाग अळीला सोडायला कोण तयार होईल? 2017 च्या खरिपात मराठवाडा-विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटीची बोंडेही किडली.

अमेरिकेत हेच गणित पाळले गेले. ॲरिझोनात आधी बिगरबीटीचे आश्रयक्षेत्र राखले, नंतर वंध्य पतंग सोडले, आणि 2018 मध्ये देशातल्या कापूस पट्ट्यातून ही अळी संपल्याचे जाहीर झाले. तिथली शेते मोठी, शेतकरी थोडे. इथे दोन एकरांच्या चार शेतकऱ्यांपैकी एकाने फरदड ठेवली, तरी बाकी तिघांची मेहनत वाया जाते. मादीच्या गंधाने नरांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ नर पतंग अडकले की आर्थिक नुकसानीची पातळी आली असे मानतात. पण पतंग आला कुणाच्या शेतातून, हे सापळा सांगत नाही.

पांढऱ्या माशीची अशी उपासमार करता येत नाही; तिची गोष्ट परभणीच्या नावानेच देशभर गेली. हीच माशी भेंडीत हळद्या रोगाचा विषाणू पसरवते: शिरा पिवळ्या पडतात, मग सगळे पान. इथल्या कृषी विद्यापीठात पुसा सावनी या भेंडीच्या वाणाचा संकर रानभेंडीशी करून, पुन्हा पुन्हा पुसा सावनीकडेच वळवून ‘परभणी क्रांती’ हा वाण तयार झाला. 1985 मध्ये तो बाहेर पडला आणि परसबागेपासून बाजारापर्यंत पसरला. माशी गेली नाही. झाडाने फक्त विषाणूला दाद दिली नाही. कालांतराने विषाणू बदलत गेला आणि अनेक भागांत हा वाणही पिवळा पडू लागला. प्रतिकाराचे जनुक पुन्हा रानभेंडीसारख्या नातलगांत शोधले जात आहे.