निळी नक्षी एकट्या चीनची नव्हे

सोलापूर-वाडी लोहमार्गावरचं दुधनी कर्नाटकाच्या वेशीवर आहे. पूर्वेला बहमनींचं कलबुर्गी, नैर्ऋत्येला आदिलशाहीचं विजापूर. विजापूरला गोल घुमटापुढच्या नगारखान्यातल्या संग्रहालयात चिनी भांडीही आहेत. घुमटातला प्रतिध्वनी ऐकून आपण परततो आणि ती पाहायची राहून जातात. शिवाय निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांविषयी काही समज घट्ट बसले आहेत.

गैरसमज : निळा रंग चीनचाच.
वस्तुस्थिती : नवव्या शतकात चिनी पांढऱ्या भांड्यांचा हेवा वाटून बसऱ्याच्या कुंभारांनी पांढऱ्या लेपावर कोबाल्टची निळी नक्षी काढली. चौदाव्या शतकात चीनमधल्या चिंगदेचन या कुंभारगावच्या उत्तम भांड्यांसाठी कोबाल्ट इराणहून येई. कच्च्या भांड्यावर त्याने चित्र काढायचं, वर पारदर्शक चकाकी द्यायची आणि सुमारे 1300 अंशांवर भाजायचं. या कोबाल्टमध्ये लोह जास्त, म्हणून कुंचला जिथे रेंगाळला तिथे काळपट ठिपके उमटत. पुढे बाहेरून येणाऱ्या अशा रंगाला चीनमध्ये ‘मुसलमानी निळा’ असंच नाव पडलं.

गैरसमज : ही भांडी चिनी आवडीतून घडली.
वस्तुस्थिती : 1388 च्या एका चिनी ग्रंथात या नक्षीला चक्क हलक्या अभिरुचीची म्हटलं आहे. मोठं गिऱ्हाईक पश्चिम आशियात होतं. एका ताटाभोवती बसून जेवणाऱ्यांसाठी परातीएवढी ताटं बनत. सुरया आणि चंबू यांचे आकार तिकडच्या धातूच्या भांड्यांवरून घेतलेले. इराणच्या शाह अब्बासने 1611 मध्ये अर्दबीलच्या दर्ग्याला हजारावर चिनी भांडी अर्पण केली.

गैरसमज : अरबी-फारसी अक्षरांचं भांडं चीनबाहेरचं.
वस्तुस्थिती : मिंग सम्राट चंगद याच्या काळात (1505–1521) अशा अक्षरांची भांडी खुद्द चिंगदेचनमध्ये घडली. त्यांत लेखणी ठेवायच्या पेट्याही होत्या.

‘चिनी’ या नावातूनच आलेला आणखी एक गैरसमज : दौलताबादच्या किल्ल्यातला चिनी महाल चिन्यांनी बांधला.
वस्तुस्थिती : नाव पडलं ते भिंतींवरच्या चकचकीत रंगीत फरशांवरून. दख्खनमध्ये ही कला इराणी परंपरेतून आली.

माती आणि भट्टी चीनची, रंग इराणचा, आकार आणि मागणी इस्लामी जगाची. या देवाणघेवाणीतूनच हे भांडं जन्मलं; ते कोणा एकाच्या नावावर लिहिणं दुसऱ्यावर अन्याय आहे. पुढच्या वेळी विजापूरला गेलात, तर घुमटात शिरण्याआधी नगारखान्याची पायरी जरूर चढा.