पाचवे शील आणि 'समादियामि'

पाचव्या शीलाचा अर्थ आपल्याकडे 'दारू पिऊ नये' असा आज्ञार्थी सांगितला जातो. मुळात तेथे आज्ञा नाही. 'वेरमणी' म्हणजे विरती आणि 'समादियामि' म्हणजे मी स्वीकारतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेली दारू न पिण्याची प्रतिज्ञाही प्रथमपुरुषीच आहे. आकुर्डीच्या कारखान्यांत पाळीवर राबणारा एखादा उपासक व्यसन सोडून वर्षभराने घसरला, की 'शील मोडले, आता विहारात कोणत्या तोंडाने जावे' असे म्हणून वंदनेलाही येईनासा होतो. ही समजूत आम्हांस घातक वाटते.

संयुत्तनिकायात सरकानि शाक्याची कथा आहे. तो मद्य पीत असे. मृत्यूनंतर तथागतांनी त्यास स्रोतापन्न म्हटले, तेव्हा शाक्य कुरकुरले. त्यांच्या तक्रारीतील शब्द पाहावा : 'सिक्खादुब्बल्य', म्हणजे शिक्षेतील दुर्बलता, नाश नव्हे. (शिक्षा म्हणजे येथे दंड नव्हे, अभ्यास.) तथागतांचे उत्तर असे, की सरकानिने मरणसमयी शिक्षा स्वीकारली. क्रियापद तेच, 'समादियि'.

पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणात व्यसन हा आजार मानला जातो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या १९३५ पासूनच्या चळवळीत केवळ आजचा दिवस न पिण्याचे ठरवतात. 'समादियामि'चा व्यवहारातील अर्थ याहून निराळा नाही, असे आमचे मत आहे. मात्र दीर्घकाळचे पिणे एकाएकी थांबविल्यास झटके येऊ शकतात. तेथे डॉक्टरच हवा. घसरलेला उपासक परत आला, तर विहाराने कारण न विचारता त्यास पुन्हा पंचशील द्यावे.