अल्पमात्रा आणि ‘अजाण’ माणूस

जंतू प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले, याचा दोष कोणाचा, हा प्रश्न निघाला की बोट सरळ झोपडपट्टीतल्या रुग्णाकडे जाते. तो अडाणी आहे, गोळ्या अर्धवट सोडतो, असे सांगितले जाते. या आरोपाला जुना आधार आहे. पेनिसिलीनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल व्याख्यानात इशारा दिला होता : मरणार नाहीत इतक्या थोड्या औषधाने जंतू निर्ढावतात आणि अजाण माणसाच्या हातून हे घडू शकते. इशारा खरा होता. परंतु हा अजाण माणूस नेमका कोण, याची चौकशी झाली पाहिजे असे मला वाटते.

आधी शास्त्र पाहू. आपल्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात. त्यातले ई. कोलाय बहुतांशी निरुपद्रवी असतात. त्यांच्या गर्दीत औषधाला न जुमानणारा एखादा असतोच. अल्पमात्रेने बाकीचे मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ मंदावते. तेवढ्यात हा एक पुढे सरकतो. जिवाणूंच्या पिढ्या तासातासात बदलतात, त्यामुळे हा किंचित फायदाही काही दिवसांत बहुमतात रूपांतरित होतो. वाढ रोखणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट कमी औषधानेही ही निवड होते, हे स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले. कोणी आजारी पडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

मग निरुपद्रवी जंतूंची चिंता का करायची? कारण ते आपले शस्त्र दुसऱ्याला देतात. हगवणीच्या शिगेला जंतूंना ही ताकद ई. कोलायकडून मिळू शकते, हे जपानमध्ये १९५९ साली ओचिआई आणि अकिबा यांच्या संशोधनातून पुढे आले. प्लास्मिड नावाचा जनुकांचा छोटा गोफ एका जिवाणूतून दुसऱ्यात जातो. एकाच गोफात अनेक औषधांविरुद्धची जनुके असू शकतात.

आता अल्पमात्रा कोण देतो ते पाहू. १९५० च्या दशकापासून अमेरिकेत कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात प्रतिजैविके थोडी थोडी मिसळली जाऊ लागली. रोगासाठी नव्हे, वजन लवकर वाढावे म्हणून. स्टुअर्ट लेव्ही यांनी तिथल्याच एका शेतावर याची परीक्षा केली आणि १९७६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. टेट्रासायक्लिनचे खाद्य सुरू झाल्यावर आठवड्याच्या आत कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे जंतू त्या औषधाला न जुमानणारे झाले. पाच-सहा महिन्यांत शेतावरच्या माणसांच्या मलाच्या ३१.३ टक्के नमुन्यांत असे जंतू ८० टक्क्यांहून अधिक होते. शेजाऱ्यांच्या फक्त ६.८ टक्के नमुन्यांत. औषध कोंबड्यांना दिले होते, परिणाम राबणाऱ्या माणसांच्या पोटात उतरला.

तरीही नफ्यासाठी हा व्यवहार चालूच राहिला. वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर युरोपीय संघात पूर्ण बंदी आली ती २००६ साली. माणसासाठी शेवटचा आधार मानले जाणारे कोलिस्टिन आपल्या देशात खाद्यप्राण्यांसाठी बंद झाले ते २०१९ साली.

म्हणून मी म्हणतो, मजुरी बुडेल म्हणून दवाखान्यात पुन्हा न जाणारा माणूस अजाण नाही, तो नाडलेला आहे. खाद्याची पोती भरणारे तर मुळीच अजाण नव्हते. त्यांचे गणित पक्के होते. आणि आतड्यातले हे जंतू शेवटी मैल्यात जातात. ज्यांच्यावर जातीने मैला आणि गटार लादले, त्यांचे हात त्याला सर्वांत आधी लागतात. दोषही त्यांच्याच वस्तीला द्यायचा, हा दुहेरी अन्याय आहे.

लेव्हींच्या प्रयोगाचा शेवट मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ते खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांत, तपासलेल्या दहांपैकी आठ जणांच्या मलात ते जंतू सापडेनासे झाले. जिथे अल्पमात्रा थांबते तिथे जंतूंची बाजी उलटू शकते. ती थांबवण्याची मागणी खाद्य विकणाऱ्यांकडे आणि शासनाकडे केली पाहिजे. रुग्णाला उपदेश त्यानंतर.