समोर कुणी नसताना

ओकिनावातल्या शाळांत कराटे शिरले ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. आंको इतोसू यांनी मुलांसाठी ‘पिनान’ नावाच्या पाच सोप्या काता बसवल्या. काता म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्याशी ठरलेल्या क्रमाने केलेली लढत. बघणाऱ्याला ती कवायत वाटते, आणि कुठली हालचाल कशासाठी हे न कळता केली तर ती कवायतच उरते. इतोसूंचे शिष्य गिचिन फुनाकोशी यांनी ‘नाइहांची’च्या तीन कातांवर दहा वर्षे घालवली! आजच्या बेल्टच्या घाईत हे कोण करील? सतत घोटल्याने लहान मेंदू हालचालींतल्या बारीक चुका दुरुस्त करत जातो. वळतानाचा तोल, कंबरेचा झटका आणि श्वास यांचा मेळ विचार न करता जमू लागतो. अंतराचा अंदाज मात्र जोडीदाराशिवाय येत नाही.