दोनशे ऐंशी अक्षरांतील वैद्य

खारघरमध्ये आमचे चिकित्सालय सुरू झाले त्या काळी वैद्याला लोकांपुढे जाण्याची साधने मोजकीच होती. दारावरची पाटी, ओळखीच्या औषधी दुकानात ठेवलेली कार्डे, गणेशोत्सवात एखाद्या सोसायटीत दिलेले व्याख्यान आणि बऱ्या झालेल्या रुग्णाने शेजाऱ्यापाशी काढलेले चार शब्द. यांपैकी शेवटचे साधन आजही सर्वांत प्रभावी आहे. परंतु सिडकोने वसविलेल्या या नगरात कुटुंबे सतत येत-जात असतात. भाड्याचा करार संपला की बिऱ्हाड दुसऱ्या सेक्टरमध्ये किंवा थेट तळोज्याला हलते. शेजाऱ्याला शेजाऱ्याचे नाव ठाऊक नसते, तेथे चार शब्द कोण कोणापाशी काढणार?

सन २०१८ च्या पावसाळ्यात आमच्या पुतणीने आमच्या भ्रमणध्वनीवर ट्विटरचे खाते उघडून दिले. "काका, तुम्ही दिवसभर तेच दहा प्रश्न सोडवत बसता. एकदा लिहून ठेवा की!" असा तिचा युक्तिवाद होता. आम्ही नाखुशीनेच होकार दिला. त्यानंतर या माध्यमात आम्ही जे शिकलो, आणि जे चुकून शिकलो, ते व्यवसायबंधूंपुढे व औषधालये चालविणाऱ्या मित्रांपुढे ठेवावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. हे माध्यम २००६ मध्ये अमेरिकेत सुरू झाले. त्या वेळी ते साध्या लघुसंदेशावर चालत असे. लघुसंदेशाची मर्यादा १६० अक्षरांची. त्यातील २० जागा लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखून उरलेल्या १४० मजकुराला मिळाल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये ही मर्यादा २८० झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी कंपनी विकत घेतली आणि जुलै २०२३ मध्ये तिचे नाव 'एक्स' झाले. पैसे भरणाऱ्यास आता दीर्घ मजकूरही लिहिता येतो, परंतु तो वाचतो कोण? आमचे रुग्ण अद्याप ट्विटरच म्हणतात, म्हणून आम्हीही तेच नाव वापरीत आहोत.

मराठीत लिहिणाऱ्याने एक हिशेब आधीच समजून घ्यावा. येथे अक्षर म्हणजे आपले अक्षर नव्हे. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्ताचे चिन्ह ही सर्व स्वतंत्र मोजली जातात. 'ज्वर' या शब्दाला चार घरे लागतात, 'स्त्री' या एकाक्षरी शब्दाला सहा. त्यामुळे २८० घरांत मराठीचे साधारण चाळीस शब्द बसतात. संस्कृतप्रचुर लिहिले तर त्याहून कमी. दुसऱ्या पानाचा दुवा दिल्यास तो कितीही लांब असला तरी २३ घरे व्यापतो.

चाळीस शब्दांत वैद्यकशास्त्र कसे सांगावे, हा प्रश्न आपल्याला खरे तर नवा नाही. आपली शास्त्रपरंपराच सूत्ररूप आहे. संक्षिप्त वचनाचा अर्थ कसा उलगडावा यासाठी चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात ३६ तंत्रयुक्ती सांगितल्या आहेत, सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ३२. पदवीच्या वर्गात त्या आम्ही परीक्षेपुरत्या पाठ केल्या होत्या. त्यांचा व्यवहारातील उपयोग आम्हांला ट्विटरने शिकविला, हे कबूल करताना थोडा संकोच वाटतो.

आमचा अगदी पहिला मजकूर होता, रात्री दही खाऊ नये. चार शब्द, शास्त्रसंमत. तासाभरात प्रश्नांची रांग लागली. ताक चालेल का? कढी? दहीभात लहान मुलाला? आमच्या आजी रोज खात आणि नव्वदी गाठली, त्याचे काय? तेव्हा ध्यानी आले की आम्ही उद्देश लिहिला होता, निर्देश लिहिलाच नव्हता. उद्देश म्हणजे थोडक्यात केलेले विधान आणि निर्देश म्हणजे त्याचाच विस्तार. या माध्यमात एकाखाली एक असे मजकूर जोडून मालिका करता येते. पहिल्यात उद्देश, पुढच्या तीन-चारांत निर्देश, ही रीत आम्हांला मानवली. मात्र एक खबरदारी घ्यावी लागते. लोक पहिला तुकडाच उचलून पुढे पाठवितात, मालिका मागे राहते. म्हणून जो अपवाद सर्वांत घातक, तो पहिल्याच तुकड्यात आला पाहिजे. शास्त्रात यालाच अपवर्ग म्हटले आहे. हा अपवर्ग आम्ही एकदा गाळला आणि ती चूक आम्हांला महागात पडली.

सन २०२० चे ते दिवस सर्वांच्या स्मरणात असतील. जो तो काढा विचारीत होता. आम्ही गुळवेलीच्या काढ्याची कृती चाळीस शब्दांत बसविली आणि प्रसिद्ध केली. किती दिवस घ्यावा, कोणी घेऊ नये, हे त्यात नव्हते. शेकडो जणांनी तो मजकूर पुढे पाठविला आणि आम्ही मनोमन सुखावलो. काही महिन्यांनी आमचे जुने रुग्ण असलेले एक काका आले. डोळे पिवळे, अन्नावर वासना नाही. खिशातून त्यांनी आमच्याच मजकुराची छापील प्रत काढली. "डॉक्टर, तुम्ही लिहिलंत तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही," असे ते अभिमानाने म्हणाले. वेल ते सोसायटीच्या कुंपणावरून तोडून आणीत. यकृताच्या तपासण्या बिघडलेल्या निघाल्या. काढा बंद करून आम्ही त्यांना त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठविले. दोन महिन्यांत ते पूर्ववत झाले. काढा हेच कारण होते असे सिद्ध झाले नाही. नव्हते असेही कोणी छातीठोकपणे सांगू शकले नाही.

पुढे २०२१ मध्ये मुंबईतील यकृतरोगतज्ज्ञांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळातील अशाच सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर खुलासा केला की वनस्पतीची ओळख नीट पटविली गेली होती का, हे आधी पाहावे. गुळवेलीशी साम्य असणारी टिनोस्पोरा क्रिस्पा ही जात निराळी आहे. खऱ्या गुळवेलीचे कांड हिरवट, गाठीविरहित. क्रिस्पाचे करडे, बारीक गाठींनी भरलेले आणि तोडल्यास दुधी स्राव येणारे. आमच्या काकांच्या कुंपणावर नेमकी कोणती वेल होती, ते पाहावयास आम्ही गेलो तेव्हा रंगकामासाठी ती छाटून टाकलेली होती.

आम्ही दुरुस्ती लिहिली. तीत वनस्पतीची ओळख, मात्रा, कालमर्यादा, आणि यकृताचा अथवा स्वप्रतिकारजन्य विकार असल्यास वैद्याला विचारल्याशिवाय न घेण्याची सूचना, हे सर्व होते. ती वाचणारे मोजकेच निघाले. मूळ मजकूर काढून टाकला, पण लोकांनी काढून ठेवलेली त्याची छायाचित्रे आजही अधूनमधून समोर येतात. मोफत खात्यावर एकदा लिहिलेले दुरुस्त करता येत नाही, हे तर आहेच. तेव्हापासून आम्ही औषधाचे नाव व मात्रा जाहीर मजकुरात एकत्र लिहीत नाही. तंत्रयुक्तींत वाक्यशेष म्हणून एक प्रकार आहे. न लिहिलेले पद वाचकाने संदर्भाने भरून घ्यावयाचे. ग्रंथाचा वाचक अध्ययन केलेला असतो, ट्विटरचा वाचक रिकामी जागा आपल्या इच्छेने भरतो.

लहान मजकुराची खरी ताकद आम्हांला १६ एप्रिल २०२३ रोजी कळली. त्या रविवारी खारघरच्या मैदानावर आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण पुरस्कार देण्याचा सोहळा झाला. लाखोंचा समुदाय भर उन्हात बसला होता. उष्माघाताने १४ जणांना प्राण गमवावे लागले. दुपारी बातम्या येऊ लागल्या तसे आम्ही लिहावयास बसलो. हाताच्या सवयीने आधी वाळ्याचे पाणी, मोरावळा, गुलकंद, कोकमाचे सरबत असे उतरले. मग थांबलो. हे सारे उन्हाळ्याच्या ऋतुचर्येत योग्य. परंतु ज्याची शुद्ध हरपत आहे त्याच्या तोंडात सरबत घातले तर ते श्वासमार्गात जाईल. तो मजकूर पुसून आम्ही एवढेच लिहिले: सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, काखेत व मानेला बर्फ लावा, शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. यात आयुर्वेदाचे एकही पद नव्हते. आमच्या खात्यावरील इतर कशाहीपेक्षा तो मजकूर अधिक वाचला गेला. ऋतुचर्या आता आम्ही मार्चमध्येच लिहितो, उन्हे चढण्यापूर्वी.

कमी शब्दांत नेमके कसे लिहावे याचा धडा आम्ही वैद्यांपेक्षा हवामानशास्त्रज्ञांकडून घेतला. भारतीय हवामान विभागातील कृष्णानंद होसाळीकर यांचे मुंबईच्या पावसाविषयीचे ट्विट कित्येक वर्षे लोक छत्री घेण्यापूर्वी पाहत असत. ठिकाण, वेळ, काय होणार, काय करावे. विशेषण एकही नाही.

वादविवादाविषयी थोडेसे. आयुर्वेदावर टीका करणारे तेथे पुष्कळ आहेत आणि त्यांतील काहींची भाषा बोचरी असते. चरकाने विमानस्थानात संभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार मानले आहेत, मित्रभावाची व जिंकण्यासाठीची. या माध्यमाची घडण दुसऱ्या प्रकाराला पोसणारी आहे, कारण भांडण अधिक लोकांपुढे पोहोचते. आम्ही एकदा एका तज्ज्ञाशी भस्मांच्या विषयावर रात्री दीडपर्यंत वाद घातला. सकाळी ओपीडीत डोळे चुरचुरत होते आणि एकाही वाचकाचे मत बदललेले नव्हते. आता पुरावा विचारणाऱ्यास एक सविस्तर उत्तर देतो, शिवीगाळ करणाऱ्यास मूक करतो. समोरच्याचा मुद्दा खरा असेल तर तसे लिहितो. याने आपली किंमत कमी होते ही भीती आम्हांलाही होती; रुग्णसंख्या तरी घटली नाही.

औषधालयचालक मित्रांनी पुढील मजकूर सावकाश वाचावा. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ चा आहे, परंतु त्यातील जाहिरातीची व्याख्या प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांद्वारे केलेल्या घोषणेपर्यंत जाते. भ्रमणध्वनीचा पडदा त्यातून सुटेल अशी आशा करू नये. मधुमेह, कर्करोग, रक्तदाब, स्थूलता, श्वित्र यांसह ५४ नोंदींची अनुसूची आहे. त्यांवर अमुक औषध गुणकारी असे लिहिल्यास पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड, किंवा दोन्ही. औषध नियमावलीतील नियम १७० २०१८ मध्ये आला, २०२४ मध्ये केंद्राने तो वगळला आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयात बराच खल झाला. १९५४ चा अधिनियम त्या वादाहून वेगळा आहे. आपल्या गावात टाटा स्मारक केंद्राची अॅक्ट्रेक ही कर्करोग संस्था आहे. दूरदूरचे रुग्ण व नातलग येथे खोल्या घेऊन राहतात आणि रात्री जागून भ्रमणध्वनी चाळतात. त्यांच्यापुढे एक अवाजवी ओळ आली तर काय होईल, याचा विचार कायद्याच्याही आधी करावा.

मग दुकानदाराने लिहावे तरी काय? ताजा आवळा आला, च्यवनप्राशाचा नवा घाणा निघाला, दिवाळीत दुकान कधी उघडे, बनावट वेष्टन कसे ओळखावे, अनुसूची ई-१ मधील बचनाग, बिब्बा, कुचला यांचे कल्प वैद्याच्या देखरेखीशिवाय का देत नाही. एवढे सातत्याने लिहिले तरी पुरे.

छायाचित्रांबाबत आमचीच आणखी एक फजिती सांगतो. जलौकावचरणाचे एक चांगले छायाचित्र आम्ही रुग्णाचा चेहरा वगळून टाकले. पोटरीवरील गोंदण मात्र स्पष्ट दिसत होते. "डॉक्टर, अख्ख्या सेक्टरला माझा पाय दाखवलात!" रुग्ण हसत म्हणाले, पण पुढच्या तारखेला आले नाहीत. आता लेखी संमतीशिवाय शरीराचा कोणताही भाग नाही.

आमचा सध्याचा क्रम असा आहे. सकाळी ओपीडीपूर्वी वीस मिनिटे, रात्री नाही. आयुष मंत्रालय, हवामान विभाग, पनवेल महानगरपालिका आणि काही निवडक वैद्य यांची वेगळी यादी करून ठेवली आहे. तीच उघडतो, त्यामुळे उरलेला गोंगाट दिसत नाही. निळी खूण आता पैसे भरून मिळते, तिचा वैद्यकाशी संबंध नाही. म्हणून परिचयात पदवी व महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक दिला आहे. सर्वांत वर एकच मजकूर कायम डकवलेला आहे: येथे निदान व औषधयोजना केली जात नाही. जो व्यक्तिगत लक्षणे लिहितो त्याला चिकित्सालयात बोलावतो, अथवा २०२० च्या दूरचिकित्सा मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ओळख, संमती व नोंद ठेवून बोलतो. चौकटीच्या चिन्हाचे शब्द एक-दोनच वापरतो. मजकूर लिहून झाला की पुतणीला पाठवितो. ती वैद्यक शिकलेली नाही, म्हणूनच. तिला जे चुकीचे समजते ते इतरांनाही समजणार, असे धरून पुन्हा लिहितो. गेल्या आठवड्यात पावसाळ्यातील पाण्यावरचा मजकूर तिने तीनदा परत केला.