'फक्त फॉलोअर्ससाठी' टाकलेला फोटो नेमका कुठे कुठे जातो?

2019 मध्ये सुप्रीम कोर्टाचे वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट बंद झालं आणि आपल्या देशातले बरेच जण मॅस्टोडॉनवर गेले. तिथे एका कंपनीची मालकी नाही, म्हणून आपली माहितीही सुरक्षित, असं आजही घरात मुलं सांगतात. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी तिच्यातून निघत नाही.

मॅस्टोडॉन म्हणजे एकमेकांना जोडलेले हजारो सर्व्हर. एखादा संस्था चालवते, एखादा एकटा माणूस. तुमचे फॉलोअर्स ज्या ज्या सर्व्हरवर आहेत, तिथे तिथे तुमच्या पोस्टची प्रत जाते. पोस्ट डिलीट केली की त्या सगळ्यांना 'काढून टाका' असा निरोप जातो. लग्नाची पत्रिका वाटून झाल्यावर तारीख बदलली तर घरोघरी निरोप धाडतो ना, तसंच. एखाद्याने निरोप पाळलाच नाही, तर प्रत तिथेच राहते.

'फक्त फॉलोअर्ससाठी' या शब्दांवरही लगेच विसंबू नका. फॉलो रिक्वेस्ट आपण स्वतः मंजूर करण्याचं सेटिंग सुरुवातीला बंद असतं. म्हणजे कुणीही फॉलो करणार आणि बघणार. आधी ते सुरू करा.

खासगी मेसेजला व्हॉट्सअ‍ॅपसारखं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नाही; सर्व्हर चालवणारा ठरवलं तर तो वाचू शकतो. शिवाय मेसेजमध्ये तिसऱ्या कुणाचं अकाउंट @ लावून लिहिलं, तर तो त्यालाही जातो. नणंदेबद्दल वहिनीशी बोलताना हे लक्षात असू द्या!

ब्लूस्काय तर आणखी उघडं आहे. तिथे लाइक आणि तुम्ही कुणाला ब्लॉक केलंय, हेसुद्धा सार्वजनिक असतं.

हे सगळं आपल्याला का कळायला हवं? जुलै 2021 मध्ये 'सुल्ली डील्स' आणि जानेवारी 2022 मध्ये 'बुल्ली बाई' या अ‍ॅपवर मुस्लिम महिलांचे सोशल मीडियावरचे फोटो उचलून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटकाही केल्या. गुन्हा उचलणाऱ्यांचा होता, फोटो टाकणाऱ्या भगिनींचा नाही. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याची टेहळणी करायला मनाई आहे, ती टेहळणी करणाऱ्याला. म्हणून मुलीचा फोन काढून घेणं हा उपाय नव्हे. तिच्याजवळ बसून सेटिंग बघा, आणि तिचा सर्व्हर कोण चालवतं, ते त्याच्या माहितीच्या पानावर दोघांनी मिळून वाचा.