खांदेरीचा दिवा अजूनही ऑनलाइन!

खरं सांगा, मॅप न उघडता दुसऱ्या कॉलेजच्या फेस्टला पोहोचाल का? आपलं हे असं. मग जीपीएस, रडार असं सगळं असलेल्या जहाजांना दीडशे वर्षांपूर्वीच्या मनोऱ्यावरचा दिवा कशाला लागतो?

अलिबागजवळच्या थळ किनाऱ्यावरून समोर बघा. समुद्रात दोन बेटं दिसतात, उंदेरी आणि खांदेरी. खांदेरीच्या किल्ल्यात १८६७ साली बांधलेलं दीपगृह आहे. मुंबई बंदराकडे येणाऱ्या जहाजांना ते आजही वाट दाखवतं.

गंमत म्हणजे हा किल्ला बांधला होता तो समुद्रावर वचक ठेवायला! १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी इथे तटबंदी सुरू केली आणि मुंबईतल्या इंग्रजांच्या पोटात गोळा आला. त्यांनी मोठी जहाजं आणून बेटाला वेढा घातला. पण मायनाक भंडारी आणि त्यांची माणसं हटली नाहीत. मराठ्यांच्या छोट्या, चपळ होड्या रात्रीच्या अंधारात इंग्रजांना चकवून बेटावर रसद पोहोचवत राहिल्या. शेवटी इंग्रजांनाच माघार घ्यावी लागली. कान्होजी आंग्रेंच्या काळात, १७१८ मध्ये, ते पुन्हा चालून आले आणि पुन्हा हात हलवत परत गेले. पुढे मराठेशाही संपली, बेट त्यांच्या ताब्यात गेलं. ज्या अंधाराने त्यांना चकवलं होतं, तिथेच त्यांनी दिवा लावला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जीपीएसचा सिग्नल सुमारे २० हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून येतो. आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत तो फार क्षीण झालेला असतो. तो जॅम करता येतो, खोटा सिग्नल पाठवून जहाजाला भलतंच लोकेशनही दाखवता येतं. दिव्याचं तसं नाही. प्रत्येक दीपगृहाची लुकलुकण्याची लय ठरलेली असते आणि ती सागरी नकाशावर नोंदवलेली असते. दोन झोतांमधले सेकंद मोजले की खलाशाला कळतं, समोर कोणतं दीपगृह आहे. त्याला ना पासवर्ड लागतो, ना रेंज. मोठ्या जहाजाचा कॅप्टन असो की छोट्या होडीतला कोळीदादा, उजेड सगळ्यांना सारखाच.

१९९८ मध्ये या बेटाला कान्होजी आंग्रेंचं नाव मिळालं. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात खांदेरीही आहे. म्हणजे आता रील्स येणार, गर्दी वाढणार. जरूर जा, पण दोन गोष्टी लक्षात असू द्या. इथला वेताळ कोळी बांधवांचं श्रद्धास्थान आहे आणि हे दीपगृह म्हणजे कुणाची तरी रात्रपाळीची ड्युटी आहे. भिंतींवर नावं कोरू नका, प्लास्टिक मागे टाकू नका.

आणि कधी थळच्या किनाऱ्यावर रात्र झालीच, तर पाच मिनिटं मोबाइल खिशात ठेवा. समोरच्या दिव्याचे सेकंद मोजून बघा. तुम्ही मोजत असाल तेव्हा समुद्रातही कुणीतरी तेच करत असेल, घरी पोहोचण्यासाठी.